तापीच्या पाण्याचा दर

पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार मी कोपऱ्यावरच्या गाडीपासून खांद्यावर वाहून आणला, ओट्याशी टेकवला, आणि हातपाय धुऊन येतो तोवर बायकोनं त्यात मीठ कालवलं होतं. तेही तराजूवर तोलून. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, मला समुद्राचं पाणी लागतं आणि धुळ्याच्या या देवपुरात समुद्र नाही. मग नळाचं पाणी घ्यायचं, मी म्हणालो. नळाच्या पाण्यात आधीच काय काय असतं, त्यानं माप बिघडतं, असं तिचं उत्तर. म्हणजे माणसांनी नळाचं प्यायचं आणि मिठाला फिल्टरचं पाजायचं. बरं, त्या दिवशी नळही आला नव्हता. आमच्याकडे नळ कधी येईल हे ज्योतिषालाही सांगता येत नाही. गल्लीत बायकांचे आवाज वाढले की आला असं समजायचं आणि बादल्या घेऊन पळायचं.

बायको धुळ्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. या गोष्टीच्या वेळी तिच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. मी वीज कंपनीच्या लेखा विभागातून आधीच निवृत्त झालो होतो, म्हणजे दिवसभर घरी होतो, म्हणजे तिच्या प्रयोगांचा सगळा जाच मलाच. सारी नोकरी मी खर्चाचे आणि युनिटांचे तक्ते जुळवण्यात घालवली. एक युनिट कितीला पडतं, या विषयावर मला झोपेतून उठवलं तरी तासभर बोलता येतं. आणि माझ्याच घरात, माझ्याच ओट्यावर, एक बाई मीठ आणि पाणी घेऊन वीज काढायला बसली होती.

तिचं शास्त्र मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. खारं आणि गोडं पाणी शेजारी शेजारी आणलं की मीठ खाऱ्याकडून गोड्याकडे जायला बघतं. मध्ये खास पडदे लावायचे. काही पडदे मिठातल्या धन कणांना वाट देतात, काही ऋण कणांना. कणांच्या त्या जाण्यातून वीज मिळते. नदी समुद्राला मिळते तिथे हे मिसळणं रोज चालू असतं, पण मध्ये पडदा नसतो, म्हणून ती शक्ती कुणाच्या हाती लागत नाही. याला ऊन लागत नाही, वारा लागत नाही, नदी वाहती आहे तोवर थांबायचं कारण नाही. ऐकायला छानच. प्रत्यक्षात तिच्या उपकरणावर एक एवढासा दिवा लागायचा, आणि तो लागलाय हे कळायला खिडकी लावून घ्यावी लागायची.

खरी गोम पडद्यात होती. बाहेरून मागवलेले पडदे महाग, आणि नदीच्या गढूळ पाण्यात ते बुजतातही लवकर. म्हणून हिनं ठरवलं की पडदा आपणच करायचा, केळीच्या खोडापासून. केळीचा घड उतरवला की खोड बांधावर पडतं आणि कुजतं, त्याला कुणी विचारत नाही. त्यातला तंतू काढायचा, शिजवायचा, लगदा करून काचेवर पातळ पसरायचा, वर तिची काय ती रसायनं. आता खोडं आणणार कोण, हे वेगळं सांगायला नको.

माझे थोरले भाऊ भडगावजवळ गावी राहतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांचा केळीचा बाग आहे. तिथून खोडाचे तुकडे गोणीत भरून मी एसटीनं धुळ्याला आणायचो. पहिल्याच फेरीला कंडक्टरनं विचारलं, यात काय? केळीची खोडं म्हणालो. त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि गोणीचं तिकीट फाडलं. केळीच्या चिकाचा डाग ज्याला ठाऊक आहे त्याला कळेल की माझ्या दोन पांढऱ्या सदऱ्यांचं काय झालं असेल. सदरा फाटेल, डाग जाणार नाही. घरात खोड शिजायला लागलं की शेजारी खिडक्या लावून घेत. एका उन्हाळ्यात पडदे गच्चीवर वाळत घातले होते, तर शेजारच्या अक्कांनी कठड्यावरून विचारलं, यंदा कशाचे पापड केले? मी म्हणालो, विजेचे. त्या महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

आबांना मी हे सगळं एकदा बागेत उभं राहून नीट समजावून सांगितलं. नदीचं गोडं पाणी, समुद्राचं खारं पाणी, मध्ये पडदा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपले प्याले पानी नही शे, नि हाई समिंदरले पाजस का?"

आपल्याला प्यायला नाही आणि ही समुद्राला पाजते, या हिशेबावर मी हसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. आमच्याकडे तापीचं पाणी गुजरातेत वाहून जातं हे गाऱ्हाणं पोर पाळण्यात असल्यापासून ऐकतं. पांझरा तापीला मिळते, गिरणा तापीला मिळते, आणि तापी सुरतेपलीकडे समुद्राला. आपण इथे टँकरची वाट बघत बसायचं आणि आपलं पाणी तिकडे. हे कुणी आम्हाला शिकवलेलं नाही, ते अंगातच असतं.

अशात दिल्लीच्या एका विभागानं विजेच्या नव्या प्रकारांसाठी प्रस्ताव मागवले. निवड झाली तर उपकरण मोठं करून नदीच्या मुखाशी चालवून बघायला पैसे मिळणार होते. बायकोनं जागा निवडली ती तापीचं मुख. चाळीस पानांचा प्रस्ताव लिहिला. त्यात एक प्रकरण आर्थिक बाजूचं हवं होतं, वीज कितीला पडेल, केव्हा परवडेल, आणि ते लेख्यांचा अनुभव असलेल्या माणसाच्या सहीनिशी हवं होतं. तिनं मला विचारलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तीस वर्षांच्या संसारात तिच्या कामात माझी गरज पडली ती पहिल्यांदाच. मी चेहरा मात्र त्रासिकच ठेवला.

तीन आठवडे मी त्या प्रकरणात बुडून गेलो. पंपाला लागणारी वीज वजा केली, कारण पाणी खेळवायलाच निम्मी कमाई जाते. गाळ काढण्याचा खर्च धरला. पडद्याच्या दराशी मात्र अडलो. तो किती टिकतो हे बायको सांगत होती, पण टिकणं दरात कसं बसवायचं? म्हणून जळगावला गेलो. तिथे माझे एक जुने स्नेही आहेत, मारवाडी, दोन पिढ्यांची दालमिल. मी त्यांच्यापुढे सगळी यंत्रणा मांडली. मशीन केवढ्याला, हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "भाऊ, चाळणी किती दिवस चालते, आणि ती धुवायला मिल किती वेळ बंद ठेवावी लागते, तेवढं सांगा." मिल चालू असतानाचा खर्च सगळेच धरतात, बंद असतानाचा कुणी धरत नाही आणि तिथेच बुडतात, असं त्यांचं म्हणणं. मी परत येताना गाडीत बसून पडदा धुण्याचे, बदलण्याचे आणि बंद राहण्याचे तीन वेगळे खर्च काढले. बायकोला दाखवले. तिनं ते दोनदा वाचले आणि म्हणाली की हे तिला कधीच सुचलं नसतं. मी हवेत.

मग आलं गोडं पाणी.

"त्याचा दर शून्य धरा," ती म्हणाली.

मी चष्मा काढला. शून्य? मी विचारलं की गोड्या पाण्याचा दर शून्य कुठल्या मुलखात असतो. तिनं शांतपणे सांगितलं की ते पाणी समुद्रात जाणारच आहे, आपण मुखाशी ते वाटेत घेतो आणि पुन्हा समुद्रातच सोडतो, ते कुणी कुणाला विकत नाही आणि तिथे ते कुणी पीतही नाही. मी म्हणालो, "तापीचं पाणी फुकट? धुळ्यात राहून बोलतेस हे?" त्यावर ती म्हणाली की तापी धुळ्यात समुद्राला मिळत नाही.

मी टँकरचा दर धरला. आमच्या गल्लीत येतो त्या टँकरचा, आणि त्यातही उन्हाळ्यातला धरला नाही, पावसाळ्यातला धरला, म्हणजे सवलतच दिली असं मला वाटत होतं. मग गणित केलं. एक टँकर गोडं पाणी खर्चून निघणारी वीज आमचा फ्रिज जेमतेम दोन दिवस चालवील एवढी. मला घबाड सापडल्यासारखं झालं. युनिटचा दर असा चढला की एकूण खर्चात पंप, गाळ, पडदा हे सगळं शेंगदाण्याएवढं राहिलं आणि पाणीच पाणी झालं. मला वाटलं, जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ जे विसरले ते वीज कंपनीतल्या एका निवृत्त कारकुनानं शोधलं. आबांचं वाक्य मी आकड्यात मांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विषय काढला. निदान दोन दर द्या, पाणी धरून एक आणि न धरता एक, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. मी म्हणालो, एका वस्तूला दोन किमती सांगतो तो दुकानदार, लेखापाल नव्हे. ती म्हणाली की युनिटचा दर पहिल्या पानावरच्या गोषवाऱ्यात जातो, सगळ्यात आधी तोच दिसेल. दिसू दे, मी म्हणालो, खरं आहे ते दिसायलाच हवं. आणि वर हेही म्हणालो की शून्य दरावर मी सही करणार नाही. मुदत दोन दिवसांवर होती. इतक्या घाईत दुसरा सही करणारा तिला मिळणार नव्हता आणि ते मला पक्कं माहीत होतं.

ती "बरं" म्हणाली. मला वाटलं, पटलं.

तीन महिन्यांनी पुण्याला समितीपुढे बोलवणं आलं. कॉलेजातल्या एका तरुण सहकारी बाईंना घेऊन ती गेली. मी येतो म्हणालो तर नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी परत आली, चपला काढल्या, "नाही झालं" म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

मग मी जो सुटलो! आठ दिवस मी त्या समितीला सोडलं नाही. वातानुकूलित खोलीत बसणारे, बाटलीतलं पाणी पिणारे, यांनी टँकरमागे धावणारी बाई कधी पाहिलीय का? खानदेशातून कुणी काही घेऊन गेलं की यांच्या कपाळाला आठ्या. जेवताना, चहा घेताना, फोनवर आबांशी, माझी टकळी चालूच. ती मेथी निवडत असायची. एकदाही तिनं हूं की चूं केलं नाही, आणि मला तिच्या त्या गप्प बसण्याचीही चीड यायची. माझ्या बायकोवर अन्याय झालाय आणि तिला त्याचं काही नाही, असं मी तिलाच सुनावलं.

त्यानंतर घरात खोड शिजलं नाही. मिठाचे जार रिकामे होऊन पालथे पडले. ओट्यावर जागा झाली. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करायला आता लाज वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी देवपुरात भाजी घेताना त्या सहकारी बाई भेटल्या. मॅडमनी काम सोडायला नको होतं, असं त्या हळहळून म्हणाल्या. मी लगेच समितीवर घसरलो. त्या गोंधळल्या. मग भीत भीत म्हणाल्या की सर, समितीची तशी काही चूक नव्हती. गिलकी तराजूत तशीच राहिली आणि त्यांनी मला सगळं सांगितलं.

समितीच्या अध्यक्षांनी पहिलं पान उघडलं, युनिटचा दर पाहिला आणि तो कशानं एवढा वाढला ते शोधत माझ्या प्रकरणावर आले. त्यांनी विचारलं, मॅडम, नदीचं पाणी समुद्रापर्यंत तुम्ही टँकरनं नेणार आहात का? खोलीतले सगळे हसले. बायको म्हणाली, आमच्याकडे पाण्याला दर असतो, सर. त्यावर आणखी हसले. कुणीतरी विचारलं की हे प्रकरण कुणी केलंय. ती म्हणाली, प्रस्ताव माझा आहे, चूकही माझीच धरा. मग दोन-चार औपचारिक प्रश्न झाले आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं. तिनं पडदे मलमलीत गुंडाळून नेले होते, त्यांच्या हातात द्यायला. ते पिशवीतून बाहेर निघालेच नाहीत.

मी गिलकी न घेता घरी आलो. पहिला राग त्या सहकारी बाईंवर, की एवढे दिवस सांगितलं नाही. मग बायकोवर, की तिनं सांगितलं नाही. आणि मग मी काय केलं? मी बसलो आणि पाण्याचा दर शून्य धरून सगळं पुन्हा मांडलं. आकडा एकदम खाली आला. पण मग मी तो सौर विजेच्या दराशेजारी ठेवून पाहिला. तरीही तो बराच वर होता. आज, आहे त्या परिस्थितीत, ही वीज परवडतच नव्हती. म्हणजे पाणी फुकट धरलं असतं तरी प्रस्ताव गेलाच असता. मला इतकं हायसं वाटलं की तो कागद घेऊन मी धावतच आत गेलो.

ती उत्तरपत्रिका तपासत बसली होती. मी कागद तिच्यापुढे ठेवला. म्हणालो, मला सगळं कळलंय, आणि हे बघ, शून्य धरलं तरी टिकत नाही, म्हणजे माझ्या टँकरमुळे गेलं असं काही नाही.

तिनं कागद घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. एकेक ओळ. मग हातातल्या लाल पेननं शेवटच्या आकड्यापुढे बरोबरची खूण केली आणि कागद मला परत दिला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आज परवडत नाही हे मलाही माहीत होतं. पडदा स्वस्त आणि टिकाऊ झाल्याशिवाय परवडणार नाही, हे मी लिहिलं होतं प्रस्तावात. नवव्या पानावर. त्यापुढची सगळी पानं त्या पडद्याचीच होती. तुम्ही वाचली नव्हती?"

नव्हती. तीन आठवडे तो प्रस्ताव माझ्या टेबलावर पडून होता आणि मी त्यातलं फक्त माझं प्रकरण लिहिलं. मला लागेल ते सगळं मी तिला तोंडी विचारत होतो. चाळीस पानांत तिनं काय म्हटलंय ते बघावं असं मला एकदाही वाटलं नाही. खोडं मी वाहिली, सदरे मी घालवले, वास मी सोसला, पण वाचलं काहीच नाही.

मी म्हणालो, मग तू त्यांना सांगायचं ना, की हे माझ्या नवऱ्यानं केलंय.

"त्यानं काय झालं असतं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि असता तर मला बरं वाटलं असतं. "मी नापास होणार होते, ते मला चालणार होतं. सहा वर्षं त्या पडद्यावर घालवली होती मी. त्यांनी तो हातात घ्यावा, उजेडात धरावा, आणि मग सांगावं, बाई, हा नाही चालत. मला पडद्यावर नापास व्हायचं होतं हो. पाण्यावर नाही."

आयुष्यभर माझ्याकडे चिडायला कुणी ना कुणी असायचं, कंडक्टर, नळ, समिती, शेजारी. त्या दिवशी कुणी नव्हतं. पुन्हा पाठवू, असं काहीतरी मी पुटपुटलो. तिनं सांगितलं की त्या योजनेला निवृत्तीआधी किमान तीन वर्षं नोकरी शिल्लक लागते, आणि तिची आता दोनच उरली आहेत.

मग तिनं गठ्ठ्यातून पुढची उत्तरपत्रिका ओढली. मला उलट्या बाजूनंही दिसत होतं की त्या पोराला काही येत नाही, पानंच्या पानं खाडाखोड होती. तिनं चष्मा सारखा केला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.